बगळीचे दगड

चैत्राचे ऊन माथ्यावर उतरते तेव्हा उंबरदऱ्यात आधी दगड जागे होतात. माणसे मागाहून उठतात.

काळे दगड, करडे दगड, जांभ्याचे तांबूस, सच्छिद्र दगड. कड्याच्या कपाळावरचे, ओढ्याच्या पोटातले, बांधावरून निखळलेले, वाटेत पाय ठेचणारे. रात्रभर थंडी पिऊन निबर झालेले हे पाषाण पहिल्या किरणाला अंग देतात आणि मग हळूहळू, अगदी हळूहळू, त्यांच्यावरचा काळिमा सोनेरी होत जातो. जावळीच्या त्या उंच माथ्यावर झाडे थोडी, वारा उदंड, आणि दगडांची तर गणतीच नाही. देवाने जग घडवले आणि उरलासुरला राडारोडा इथे आणून ओतला, असे तिथली माणसे सांगतात आणि वर हसतात.

त्या पाषाणवस्तीत, कड्याकडेच्या शेवटच्या घराच्या परसात, दगडांची एक बाग होती.

बाग म्हटले की डोळ्यांपुढे जे उभे राहते त्यातले तिथे काही नव्हते. आळे नव्हते, वाफा नव्हता, काळी भुसभुशीत माती नव्हती. उताराला पाठ टेकून बसलेले दगड होते. प्रत्येक दगड तिसऱ्या हिश्शाइतका जमिनीत पुरलेला, प्रत्येकाचे तोंड किंचित वर, म्हणजे वरचे पाणी घसरून आत मुळाकडे जावे आणि जास्तीचे खालच्या खडीतून निघून जावे. दगडांच्या सांदीसांदीत, मूठभर खडीत आणि चिमूटभर मातीत, चार बोटे उंचीची झाडे होती.

चार बोटे, जास्त नाही. कातरलेल्या गोल पानांची गच्च उशी. पानांवर मऊ रुपेरी लव. थंडीने पानांच्या कडा आरक्त झालेल्या. आणि त्या हरितरक्तिम उशीवर पंचपाकळ्यांची फुले, जांभूळगुलाबी, नीलारुण, प्रत्येक पाकळीवर तळहाताच्या शिरांसारख्या गडद रेषा. फूल गळाले की त्याच्या जागी एक लांब, अणकुचीदार चोच उभी राहायची, मान वर करून बगळा बघतो तशी. म्हणून अनसूयेने त्या झाडाचे नाव बगळी ठेवले होते.

महाबळेश्वरच्या रोपवाटिकेतला माणूस तिला एकदा म्हणाला होता, बाई, हे बुटके जिरेनियम, हिमाच्या मुलखातले, तुमच्याकडे जगायचे नाही. तेव्हा परसातली बगळी नऊ वर्षांची होती. ज्याचे शहाणपण त्याच्यापाशी.

अनसूया सणस. जिच्यात असूया नाही ती अनसूया, असे पाहून आत्याने बारशाला नाव ठेवले होते, आणि ते खोटे नव्हते. तिला कुणाचा हेवा नव्हता. रागाबद्दल मात्र आत्या त्या दिवशी काही बोलली नव्हती.

राग होता. जुना होता, मुरलेला होता, लोणच्याच्या बरणीसारखा वरून दादरा बांधून फडताळात मागे सारून ठेवलेला होता. घरात माणूस नसले की रागाला बाहेर काढून उपयोग काय? भांड्यांवर काढला तर भांडी पोचतात. आणि अनसूयेचा माणूस अठ्ठावीस वर्षे घरात नव्हता.

तिचा नवरा रंगराव सणस फौजेत होता. शिपाई म्हणून गेला, हवालदार झाला, शेवटी सुभेदार झाला. वर्षातून एकदा रजेवर यायचा, बहुतेक भातलावणीच्या दिवसांत. चिखलात उभा राहायचा, रोपे लावायचा, घराचे कौल सारखे करायचा आणि वळणावर एसटीचा हॉर्न वाजला की पेटी उचलायचा. येताना साबण आणायचा, घोंगडी आणायचा, स्टीलचे डबे आणायचा. हे सगळे कँटीनचे.

कँटीनचे नसलेले असे त्याने एकदाच काही आणले. वीस वर्षांपूर्वी, आधीची रजा लांबून दसऱ्याला मिळाली आणि मग उन्हाळ्यात अवेळी पुन्हा मिळाली, त्या सालात. लोकरी मोज्याच्या टोकात, ओल्या शेवाळात गुंडाळून, बोटाएवढ्या तीन मुळ्या. बर्फातल्या चौकीजवळच्या कपारीत फुलं दिसली, तुला दावावी म्हणून आणली, एवढेच तो म्हणाला होता. त्याच्यासारख्या माणसाच्या तोंडी हे वाक्य म्हणजे पोवाडाच झाला.

आणि त्याच रजेत, सातव्या महिन्यात, तिचे दुसरे मूल जन्मले ते हाक न देता जन्मले.

तीन दिवस ती अंथरुणावर पडून होती आणि तीन दिवस तो तिचा हात हातात धरून उशाशी बसला होता. खिडकीतून ऊन यायचे, भिंतीवर चढायचे, उतरायचे. हात हातात होता. चौथ्या सकाळी वळणावर हॉर्न वाजला. त्याच्या खिशात आदल्या संध्याकाळपासून तार होती, आणि त्याने ती तिला दाखवली नव्हती. त्याने तिची बोटे आपल्या बोटांतून एकेक करून सोडवली, आणि तो उभा राहिला.

येतो, म्हणाला.

कुणी बोलावले की उभे राहायचे, हे त्याला इतके पक्के शिकवले होते की बसून राहणे म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नव्हते. देशाला त्याची गरज होती, सगळे म्हणाले. खरेच असेल. अनसूया कधी नाही म्हणाली नाही. पण त्या खोलीतही एक गरज होती, आणि तिने तार पाठवली नव्हती.

अंगात बळ आल्यावर तिने दोन मुळ्या तुळशीपाशी लावल्या. चांगली काळी माती घातली, शेणखत घातले, सकाळ-संध्याकाळ पाणी घातले, जीव लावला. दोन्ही पंधरा दिवसांत कुजल्या. तिसरी मुळी हातात घेऊन ती परसात उभी राहिली, आणि काय वाटले कोण जाणे, बांध ढासळून पडलेल्या दगडांच्या ढिगावर तिने ती मुळी भिरकावून दिली. जा मर, म्हणाली.

ती मेली नाही.

दगडांच्या सांदीत, खतावाचून, पाण्यावाचून, कुणाच्या मायेवाचून, तिने दोन पाने वर काढली. अनसूया त्या पानांपाशी वाकली. तिला कळले. काही जीवांना लाड मानवत नाहीत. त्यांना पाय रोवायला दगड लागतो, मुळाखालून पाणी निघून जायला वाट लागते, आणि मग ते जगतात, बघणाऱ्याच्या नाकावर टिच्चून जगतात.

त्या दिवसापासून तिने दगड वेचायला सुरुवात केली.

वीस वर्षे. ओढ्यातून दगड आणले, डोक्यावर आणले, पाटीत आणले, पहारीने गडगडवत आणले. कुठला दगड ऊन धरतो आणि कुठला ओल धरतो, ते शिकली. दोन वाटे खडी, एक वाटा पानांचे कुजलेले खत, एक वाटा माती, हे प्रमाण तिने तीन झाडे मारून शोधले. माथ्यावरचा पाऊस म्हणजे आभाळ फाटल्यासारखा चार महिने कोसळणारा. बगळीच्या मुळांना तो सोसला नसता. भातलावणीला बाया डोक्यावर बांबूपानांची इरली घेतात, तशी वीतभर इरली अनसूयेने झाडांसाठी विणली. आषाढात तिच्या परसात दगडादगडावर इरली बसलेली असायची, आणि वस्तीतल्या बाया हसायच्या. सुभेदारणीची लेकरं भिजत न्हाईत, म्हणायच्या. अनसूयाही हसायची. लेकरं हा शब्द तेवढा तिच्या कानात राहायचा.

रजेवर आलेल्या रंगरावने ती झाडे कधी फुललेली पाहिली नाहीत. तो यायचा तेव्हा ती इरल्यांखाली असायची. त्याने कधी विचारलेही नाही. तिने कधी सांगितलेही नाही. एका मुळीच्या पानांच्या अकरा गाद्या झाल्या, आणि ही गोष्ट त्या दोघांपैकी एकालाच माहीत होती.

यंदा पौषात रंगराव कायमचा घरी आला. पेटीवर पांढऱ्या रंगाने त्याचे नाव होते, नंबर होता. फौज सुटली तरी फौजेची घडी सुटली नव्हती. पहिल्या आठवड्यात त्याने गोठ्यातली खोरी-कुदळी उंचीप्रमाणे उभी केली. दुसऱ्या आठवड्यात चपलांची रांग लागली. तिसऱ्या आठवड्यात मांजर ठरल्या वेळी जेवू लागले, हे मात्र अनसूयेला मनातून बरे वाटले. तिने सगळे चालू दिले. अठ्ठावीस वर्षे एकटीने चालवलेले घर कुणी येऊन हलवले की जे होते ते तिला होत होते, पण तिने दादरा घट्ट बांधून ठेवला.

मग चैत्रात निरोप आला. रंगरावचे जुने कर्नल साहेब, तेही आता निवृत्त, महाबळेश्वरला हवा खायला आले होते. सुभेदाराला भेटायला ते उंबरदऱ्याला येणार होते.

रंगराव त्या दिवसापासून दिवसातून दोनदा दाढी करू लागला. परसात बगळी फुलली होती, तिच्याकडे मात्र त्याने वाकून पाहिले नाही.

अनसूया लेकीच्या दिराच्या साखरपुड्याला मेढ्याला गेली होती. एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी परतली, हातात ओटीचा नारळ, पिशवीत खण. घराला वळसा घालून ती सवयीने आधी परसात आली. आणि थांबली.

परस पांढरे झाले होते.

दगड पांढरे होते. सगळे. ओढ्यातले काळे, बांधावरचे करडे, जांभ्याचे तांबूस, वीस वर्षांत एकेक करून निवडलेले, ज्यांच्या ओळखी होत्या ते सगळे दगड, एकजात, एकसारखे, चुन्याने पांढरे शुभ्र. प्रत्येकाच्या पायाशी चार बोटे गेरूची पट्टी. बागेभोवती अर्ध्या पुरलेल्या तिरक्या विटांची दातेरी रांग. आणि सांदीसांदीत, किडामुंगी होऊ नये म्हणून, ओतलेला चुना.

मधोमध रंगराव उभा होता. हातात कुंचला, कोपरापर्यंत पांढरा, मिशीच्या टोकाला चुन्याचा एक थेंब. चेहऱ्यावर असे समाधान, की शत्रूची चौकी घेतली असावी.

"कसं दिसतंय?" त्याने विचारले.

अनसूयेने नारळ खाली ठेवला. ती सर्वांत मोठ्या दगडापाशी गेली. तिथे थोरली होती, भिरकावलेली पहिली मुळी, बाकी दहाही गाद्यांची आई. तिच्या पानांवर चुन्याचा पापुद्रा होता. पाने मुडपली होती, कडा करपल्या होत्या, रुपेरी लव गळून गेली होती. अनसूयेने बोट लावले. बोट चुरचुरले. चुना ताजा होता, भट्टीतून आणून घरीच विझवलेला, अंगात अजून आग असलेला.

"ह्ये काय केलं तुमी?"

"आगं, साहेब येत्यात उद्या. फौजंत साहेबाच्या वाटंवरचा दगुडबी उघडा ठेवत न्हाईत. म्हणलं, तुझं दगुड क्वार्टर गार्डावानी झळकू द्यात."

क्वार्टर गार्ड म्हणजे पलटणीच्या निशाणाची आणि हत्यारांची जागा, फौजी माणसाला देव्हाऱ्याखालोखाल पवित्र. तो खरेच सांगत होता. त्याच्यापाशी होता तेवढा सगळा मान त्याने बादलीत कालवून तिच्या दगडांना दिला होता. आणि हे कळले म्हणूनच तिचा राग आणखी पेटला. वाइटावर रागावता येते आणि मोकळे होता येते. असल्या चांगुलपणाचे काय करायचे असते?

राग आला. तळव्यांतून आला, पोटऱ्यांतून आला, वीस वर्षे डोक्यावर दगड वाहिलेल्या मानेतून आला. शुभ्र आला, दाहक आला, विझत्या चुन्यासारखा रटरटत आला. त्या रागात चुना थोडा होता, वर्षे फार होती. एकटीने काढलेल्या दिवाळ्या होत्या, सासूची आजारपणे होती, रेशनच्या रांगा होत्या, लेकीच्या शाळेतल्या सभा होत्या. आणि सगळ्यांच्या तळाशी एक खोली होती, भिंतीवर चढणारे ऊन होते, आणि एकेक करून सोडवली जाणारी पाच बोटे होती.

तिने आवाज चढवला नाही.

रंगरावला तिचा चेहरा दिसला. माणूस मूर्ख नव्हता. "धुऊन काढतो की," तो म्हणाला, "हाय काय त्यात," आणि पाण्याची बादली उचलून आला.

अनसूयेने बादलीवर पाय दिला. बादली कलंडली, पाणी विटांच्या रांगेबाहेर वाहून गेले.

"पानी वतलं तर चुना मुळात उतरंल. झाड मरंल. एक थेंब पाडायचा न्हाई हितं."

"मग?"

"सुभेदार, खाली बसा."

इतक्या वर्षांत तिने त्याला कधी सुभेदार म्हटले नव्हते. आवं म्हटले होते, लेकीचे वडील म्हटले होते, पत्राच्या वर श्री. म्हटले होते. हा शब्द ऐकल्यावर त्याचे शरीर ताठ झाले, आणि मग, कुणी तरी मोठ्याने हुकूम दिल्यासारखे, ते खाली बसले.

ती घरातून नारळाची सोडणे घेऊन आली, बोथट विळा घेऊन आली, मूठ तुटलेली सुरी घेऊन आली. जुने लुगडे फाडून तिने प्रत्येक झाडाखाली फडके अंथरले. दगड कोरडाच घासायचा. वरून खाली घासायचा नाही, खालून वर घासायचा. पडलेली भुकटी फडक्यात धरायची, फडके बागेबाहेर झटकायचे. पानावरचा पापुद्रा नखाने काढायचा, करपलेले पान देठाशी खुडायचे. हे तिने एकदाच दाखवले. दुसऱ्यांदा दाखवणार नाही, हे तिच्या पाठीवरून कळत होते.

आणि मग दोघे घासू लागले.

खर्र. खर्र. पांढऱ्याखालून काळे निघू लागले. खर्र. खर्र. गेरूखालून करडे निघू लागले. ऊन कलले, दगडांच्या सावल्या लांब झाल्या. चुन्याची धूळ हवेत तरंगत राहिली, उन्हात सोन्यासारखी चमकत राहिली, आणि त्या सुंदर धुळीने दोघांचे डोळे झोंबत राहिले. दरीतून घारीची शीळ येत होती. मेंढक्याची एक हाक खालून वर आली आणि विरून गेली.

घासता घासता रंगरावने एक करपलेले पान खुडले. ते फडक्यात टाकायच्या आधी नकळत बोटांत चुरडले गेले. त्याचा हात थांबला. त्याने बोटे नाकाशी नेली. उग्र, थोडा गोड, थोडा कडवट असा तो वास होता.

"ह्यो वास," तो म्हणाला. मग सावकाश म्हणाला, "मोज्यातलं? मी आणलेलं त्ये?"

अनसूया घासत होती.

"ही समदी?"

"व्हय."

"तू कधी बोलली न्हाईस."

तिने सुरी खाली ठेवली. "तुमी कधी इचारलं?"

एवढी अक्कल त्याला फौजेने शिकवली होती, की दारूगोळा संपल्यावर माणसाने गप्प पडून राहावे. पण त्यानंतर त्याचे घासणे बदलले. आता तो बोटांच्या टोकांनी घासत होता. एकेका पानाखाली तळहात धरत होता.

तिला ते दिसले. तिचा राग काही कमी झाला नाही. वीस वर्षांनी पान ओळखले म्हणून राग उतरला असता, तर तो राग कसला.

दिवेलागण झाली तेव्हा अर्धे दगड काळे झाले होते, अर्धे पांढरे होते. रंगरावच्या बोटांची कातडी चुन्याने तडकली होती. अनसूयेने त्याच्यापुढे भाकरी ठेवली, आणि भाकरीशेजारी खोबरेल तेलाची वाटी आदळली. अशी आदळली की मांजर उठून गेले.

सकाळी दहिवर वाळायच्या आत दोघे पुन्हा बागेत होते. तो न सांगता आला होता. धुवट सदरा, इस्त्रीची विजार, साहेबांसाठी घातलेली. गुडघे टेकले तेव्हा विजारीला दोन पांढरे गोल उमटले. त्याने ते पाहिले आणि झटकले नाहीत.

ऊन वर येईतो थोरली आणि तिच्या शेजारचा एक दगड एवढेच उरले. थोरलीच्या सांदीत चुना सर्वांत जास्त ओतला गेला होता, ओंजळभर, खडीत घट्ट बसलेला. वरून घासून भागणार नव्हते. तिला उचलावे लागणार होते, सांद रिकामी करावी लागणार होती, नवी खडी भरून तिला पुन्हा बसवावे लागणार होते. फुलाचोचींवर आलेल्या वीस वर्षांच्या झाडाला हे सोसेल की नाही, सांगता येत नव्हते. मुळाला धक्का लागला तर संपले.

अनसूयेने खुरपे घातले. जन्मलेले मूल सुईण घेते तसे तिने दोन्ही हातांनी झाड वर घेतले. अंगठ्याएवढे जुनाट, गाठाळ मूळ, आणि त्याच्या टोकाला केसांहून बारीक, पांढरी, थरथरणारी पोरमुळे.

"हात."

त्याने उजवा हात पुढे केला. तिने मूळ त्याच्या तळहातावर ठेवले. तडकलेल्या त्या तळव्यावर, चुन्याच्या भेगांवर, तिची वीस वर्षे ठेवली.

"हलवायचा न्हाई. मी सांगंपतूर न्हाई."

ती वाकली आणि सांदीतली पांढरी खडी बोटांनी उपसू लागली.

तेव्हा वळणावर हॉर्न वाजला.

तोच तो. त्याच वळणावर, त्याच दरीत घुमणारा, त्याच कड्यावर आपटून परत येणारा. गाडी वेगळी असेल, आवाज तोच होता. एकदा वाजला. आणखी एकदा वाजला.

अनसूयेचे हात थांबले. तिने वर पाहिले नाही. तिला फक्त त्याचा गुडघा दिसत होता, पांढऱ्या गोलाचा, जमिनीला टेकलेला उजवा गुडघा. तो गुडघा उचलला गेला. किंचित, बोटभर, आपोआप. अठ्ठावीस वर्षांची शिकवण त्या गुडघ्यात होती.

ऊठ, तिचा राग म्हणाला. ऊठ आणि जा. मूळ दगडावर टाक, साहेबापुढे उभा राहा, खाडकन टाचा जुळव. मग मी तुला माफ करायचे की नाही हा प्रश्नच मिटेल. ऊठ. तिच्या मुठीत चुन्याची खडी रुतत होती.

गुडघा हवेत होता. वारा थांबला नव्हता, घार थांबली नव्हती, पण त्या दोघांमध्ये सगळे थांबले होते.

मग गुडघा खाली टेकला.

गाडीचे दार वाजले. बुटांचा आवाज घराला वळसा घालून परसात आला, आणि विटांच्या दातेरी रांगेपाशी येऊन थबकला. उंच, वृद्ध, गळ्यात मफलर गुंडाळलेले कर्नल साहेब बघत राहिले. घासून काळे झालेले दगड, त्यांत एक अजून पांढरा. त्यांच्यामध्ये धुळीने माखलेला सुभेदार, गुडघ्यांवर बसलेला, उजव्या हातात मुळासकट एक झाड. सलाम त्याच हाताने करायचा असतो.

रंगरावची मान ताठ झाली, छाती पुढे आली, डोळे समोर गेले. "जय हिंद, साब," तो म्हणाला. खालूनच म्हणाला. हात हलला नाही.

साहेबांनी फुलाकडे पाहिले. त्यांनीही ते कुठेतरी बर्फात पाहिले असावे, कारण त्यांचा चेहरा बदलला. "बैठे रहिए, सूबेदार साब," ते हलकेच म्हणाले, आणि बसायला दुसरे काही नव्हते म्हणून विटांच्या त्या टोकदार रांगेवरच अवघडून बसले.

"साहेबांस्नी सांगा," अनसूया वर न बघता म्हणाली, "च्याला उशीर हाय. आदी ह्ये."

आणि पुन्हा खडी उपसू लागली. तिचे डोळे भरून आले होते, ते चुन्याने आले असे साहेबांना वाटले असेल. तिला मात्र ठाऊक होते. त्या चौथ्या सकाळी तिने काही मागितले असते, तर हेच मागितले असते. नुसते बसून राहणे. यापेक्षा जास्त काही नको होते. हे इतके थोडे होते, इतके सोपे होते, आणि त्यासाठी वीस वर्षे लागली, म्हणून तिला संतापाने रडू येत होते.

ऊन चढले. दगड तापू लागले. थोरलीच्या देठावर एक पिकलेली, वाळलेली, तपकिरी चोच होती. चुन्यातून वाचलेली, रात्रीतून वाचलेली, उचलण्यातून वाचलेली. ती उन्हात ताणली गेली, ताणली गेली, आणि एकाएकी टच् करून उलगडली. एक बी हवेत उडाले, तिघांच्या डोळ्यांपुढून गेले, आणि न घासलेल्या शेवटच्या दगडावर पडले. शुभ्र चुन्यावर एक काळा ठिपका.

अनसूयेने त्या ठिपक्याकडे पाहिले.

"त्यो दगुड राहिलाय अजून," ती म्हणाली.

रंगरावने डाव्या हाताने सोडण उचलले. बी बोटाच्या टोकाने टिपून शेजारच्या सांदीत ठेवले आणि दगड घासायला घेतला, खालून वर, खर्र, खर्र. पांढऱ्याखालून काळे निघू लागले. उजवा हात तसाच होता, उघडा, मुळाखाली, जागचा न हललेला.